आत्याबाईंचा नंबर

यंत्रांशी माझं कधी जमलं नाही. शाळेत एक कॉम्प्युटर आहे. तो सकाळी चालू केला की प्रार्थना होते, हजेरी होते, पोरं पाढे म्हणायला लागतात, तरी पडद्यावरचं ते गोल गोल फिरणं संपत नाही. की-बोर्डाचं एक बटण आत गेलंय ते वर यायला तयार नाही. प्रिंटर तर इतका हट्टी, की आत कागदाचा कपटाही नसताना कागद अडकला म्हणून लाल दिवा लावून बसतो. वरून माहिती मागवतात ती आजच्या आज हवी असते आणि वेबसाइट उघडते ती तिच्या मर्जीनं. वर्गाच्या दारात उभ्या पोरांसमोर मी त्या प्रिंटरला चापट मारलेली आहे, आणि पुन्हा मारीन.

त्यामुळेच असेल, मला आत्याबाईंचं फार कौतुक वाटतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला असंच म्हणतात, आणि गावातल्या सगळ्याच सुना त्यांना आत्याबाई म्हणतात. मी राहते पालमला आणि शिकवायला एसटीनं जाते ते त्यांच्याच गावी, त्यामुळे शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतल्याशिवाय माझी परतीची गाडी येत नाही. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि मोबाइलवरची दोनच बटणं त्यांच्या ओळखीची आहेत, हिरवं आणि लाल. एवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खं गाव सांभाळलेलं मी पाहिलं आहे.

गावात रेंजचा काही भरवसा नाही. पारावर आज असते, उद्या नसते. आमच्या ओट्यावर, रांजणाच्या वरच्या कोनाड्यात मात्र ती बारा महिने असते. का, ते कुणाला ठाऊक नाही. त्या कोनाड्यात आत्याबाईंचा साधा बटणांचा मोबाइल ठेवलेला असतो. सिम सासऱ्यांच्या हयातीतलं, नंबर तेव्हाचाच. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला पश्चिमेकडं निघतं. घरात मोबाइल एकच, तो जाणाऱ्यांबरोबर जातो. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. जाणाऱ्या सगळ्यांनी मिळून आत्याबाईंचा नंबर हाच आपल्या घरचा नंबर करून टाकलेला आहे. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहणारी बायामाणसं तो पाढ्यासारखा पाठ म्हणतात.

पण त्या नंबरवर बोलायचं नसतं, फक्त वाजवायचं असतं. मोबाइल कोनाड्यातून काढला की आवाज तुटतो, आणि कुणाच्या लेकराला हाक मारून आणेपर्यंत तिकडच्या माणसाला उसंत नसते. म्हणून ठरलेलं आहे: एकदा वाजवून कापलं की सगळं खुशाल. कापून लगेच पुन्हा वाजलं, तर मात्र उचलायचं. आता नाव वाचता येत नसताना कोण वाजवतंय हे कळावं कसं? तर त्यासाठी वेळा वाटून दिलेल्या आहेत. एका घराची वेळ म्हशी पाण्यावरून परततानाची, दुसऱ्या घराची शेवटची एसटी वळून गेल्यावरची, तिसऱ्याची दिवाबत्तीची. ट्रक भरताना आत्याबाई स्वतः खाली उभ्या राहून ज्याची त्याची वेळ ज्याला त्याला सांगतात. इथल्या म्हशी तिथं कशा दिसणार, असं मी एकदा विचारलं होतं, तर सूर्य तोच आहे म्हणाल्या.

मग दिवे लागल्यावर त्या घरोघर जातात आणि दारातूनच सांगतात, तुज्या मायनं वाजवलं. लेकरू तेवढ्यावर भाकर खातं. आमच्या पालमच्या घरी माझे यजमान त्यांच्या भावाशी व्हिडिओ कॉल करतात, त्यात अर्धा वेळ दिसतंय का आणि ऐकू येतंय का यातच जातो आणि शेवटी भाऊ बरा आहे की नाही हे विचारायचंच राहतं. आत्याबाईंच्या ओट्यावर एक शब्द बोलला जात नाही आणि सगळ्या गावाची खबर मिळते. हे ज्यानं कुणी पहिल्यांदा ठरवलं असेल, त्याला माझा नमस्कार आहे.

यंदा माझ्या वर्गातली एक मुलगी रोज शाळा सुटली की त्या कोनाड्याखाली येऊन बसायची. तिची आई अवघडलेली असतानाच तोडीला गेली होती. नवरा-बायकोची जोडी धरूनच काम मिळतं, एकानं मागं राहून चालत नाही. संक्रांतीच्या आसपास दिवस भरणार होते. बाळ झालं की दोनदा वाजवायचं असं ठरलेलं होतं. मुलीची वेळ दिवाबत्तीची, पण ती उन्हं असतानाच यायची. एकदा वर्गात सगळी पोरं चित्रं काढत असताना तिनं मला विचारलं होतं, "बाई, कोपीत डॉक्टर येतो का?" मी म्हटलं, गाडी येते आणि दवाखान्यात नेते. तिनं मान हलवली आणि पुन्हा रंग भरायला लागली. मला मात्र त्या दिवशी पुढं काही शिकवणं जमलं नाही.

आणि नेमकी त्याच दिवसांत मोबाइलची बॅटरी फुगली. मागचं झाकण बसेना. आत्याबाईंनी रबर लावून काम चालवलं. अशी बॅटरी फुटते, एवढं मी बोलले आणि शाळेत गेले. ते शेजारच्या आजोबांनी ऐकलं आणि गावावरचं संकट टाळण्यासाठी अख्खा मोबाइल उचलून म्हशींच्या हौदात टाकला. आग लागते म्हटल्यावर पाणी, त्यांचा हिशेब सरळ होता. संध्याकाळी आम्ही तो बाहेर काढला तेव्हा त्याच्या कानातोंडातून पाणी गळत होतं.

मी पालमहून नवा मोबाइल आणला, सिम पुसून त्यात घातलं, कोनाड्यात ठेवला. रेंजची एकही काडी दिसेना. सगळ्यांनी नव्या मोबाइलला नावं ठेवली. मी दुकानात जाऊन तो बदलून आणला, दुकानदाराशी वाद घातला तो वेगळाच. दुसऱ्यालाही काडी नाही. शेवटी माझं सिम त्यात घालून बघितलं तर त्याच कोनाड्यात रेंज भरभरून आली. तेव्हा मी आत्याबाईंचा नंबर माझ्या मोबाइलवरून लावला, आणि एका गोड आवाजाच्या बाईनं सांगितलं की आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा, मग गाणं, मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओरडायला लागले. माझा आवाज पारापर्यंत गेला असावा, कारण तिथली माणसं वळून बघायला लागली. आत्याबाई रांजणाला टेकून ऐकत होत्या.

"ती बाई हाय का मशीन हाय?" त्यांनी विचारलं.

मशीन आहे, मी म्हटलं.

"मग कशाला घसा कोरडा करायलीस? मानूस जिथं बसतंय तिथं जाऊ."

मी म्हटलं, त्यापेक्षा नवा नंबर घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "नवा नंबर मला मिळल. त्यान्ला कोन सांगनार?" टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर एकाकडं होता, तो बंद लागत होता. टोळी एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्याला हलली, एवढंच उडत उडत कळलं होतं. मुलगी कोनाड्याखाली बसून हे सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीनं परभणीला गेलो. कागद कमी पडला म्हणून परत फिरावं लागू नये, यासाठी आत्याबाईंनी घरातला होता नव्हता तेवढा कागद पिशवीत भरून आणला होता. त्यात माझ्या लग्नाची पत्रिकाही निघाली. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं नंबर टाकला आणि सांगितलं की बरेच दिवस वापर नाही म्हणून याच आठवड्यात बंद केलाय.

आत्याबाईंना हे पटेना. वापर नाही कसा, दिवसभर वाजतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. तेव्हा उलगडा झाला. वाजतो तो मिस्ड कॉल, आणि मिस्ड कॉल कंपनीच्या लेखी वापर नव्हे. उचलला तरच कॉल. वर रिचार्ज संपल्याचे मेसेजही गेले होते म्हणे. ते गेले असतीलच. पण आत्याबाईंच्या हिशेबात टुंग वाजलं म्हणजे ते कुणाच्याच घरचं नाही, म्हणून त्यांनी त्याकडं कधी बघितलं नव्हतं. ज्या नंबरवर अर्धं गाव जेवत होतं, तो कॉम्प्युटरला मेलेला दिसत होता. मला हसूही येईना आणि रागही कुणावर काढावा ते कळेना.

नंबर अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता, हे नशीब. पण सिम सासऱ्यांच्या नावावर, ते आधी आत्याबाईंच्या नावावर व्हायला हवं होतं. मृत्यूचा दाखला पिशवीत सापडला. मग अंगठा. आत्याबाईंनी अंगठा यंत्रावर ठेवला, यंत्रानं नाही म्हटलं. धुऊन ठेवला, पुसून ठेवला, पदरावर घासून ठेवला. नाही म्हणजे नाही. कापूस वेचून, ज्वारी काढून, निंदणं करून त्या बोटांवर रेघ म्हणून उरलेली नव्हती. माझे यजमान लातूरला ट्रेनिंगला होते, आणि सुनेचा अंगठा चालत नाही. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, मुलाला घेऊन पुढच्या आठवड्यात या. माझा पारा चढला होता, तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. आत्याबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पोरी," त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "एक लेकरू मायची वाट बघायलंय. माय बाळंत व्हायची हाय, तिकडं उसात. तिला ह्योच नंबर पाठ हाय. तू तुजं काम कर, मी बसते हितं."

त्यात विनवणी नव्हती आणि धमकीही नव्हती. मी बसते म्हणजे त्या बसणार होत्या, एवढंच. मुलीनं मागची रांग बघितली, त्यांच्याकडं बघितलं, आणि ओलं फडकं घेऊन स्वतः उठून बाहेर आली. तिनं आत्याबाईंचं एकेक बोट पुसून यंत्रावर धरलं. उजवा हात सगळा फुकट गेला. डाव्याचा अंगठा गेला, तर्जनी गेली. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि हिरवा दिवा लागला. आत्याबाईंनी त्या करंगळीकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, हिला जल्मात काम लावलं न्हाई, म्हनून राहिली. काउंटरवरची मुलगी खळखळून हसली. निघताना तिनं बजावलं, की आजी, अधूनमधून कॉल उचलत जा, नाहीतर पुन्हा बंद पडेल. उचलते की, आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कोनाड्यातल्या मोबाइलवर काड्या आल्या. ओट्यावर म्हातारी माणसं आणि लेकरं जमली. मी एसटी सोडून दिली. मला एकच धाकधूक होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नाही: इतके दिवस नंबर अस्तित्वात नाही असं ऐकल्यावर आता कोण कशाला वाजवेल?

म्हशी पाण्यावरून परतल्या, धूळ उडाली, आणि फोन वाजला. आत्याबाईंनी कंपनीला दिलेला शब्द पाळायचा म्हणून झटकन हिरवं बटण दाबलं. पलीकडच्या माणसाची घाबरगुंडी उडाली. खुशालीचा फोन उचलला म्हणजे गावात कुणीतरी गेलं, असंच त्याला वाटलं. काय झालं, काय झालं, असं तो विचारत राहिला.

"काय झालं न्हाई," आत्याबाई कोनाड्यात तोंड घालून म्हणाल्या, "कंपनीचा हुकूम हाय, उचला म्हनून. ठिव आता."

शेवटची एसटी वळली तेव्हा दुसऱ्या घरचा वाजला. मग दिवे लागले. मुलगी उठून उभी राहिली. बराच वेळ काहीच वाजलं नाही. कुणीतरी खोकलं, कुणीतरी लेकराला गप केलं. आणि फोन वाजला. आत्याबाईंनी या वेळी हात पुढं केला नाही. एकदा वाजून तो थांबला.

आणि लगेच पुन्हा वाजला.

आत्याबाईंनी हिरवं बटण दाबलं. मोबाइल कोनाड्यातून काढायचा नाही म्हणून मी मुलीला उचलून वर धरलं. तिनं भिंतीला गाल लावून कान कोनाड्यात घातला. ती नुसतं हूं, हूं करत राहिली, आणि मला तिच्या पाठीवरून कळत होतं की बातमी चांगली आहे. मग ती माझ्या कानात म्हणाली, भाऊ झालाय, मायनं दवाखान्यातून वाजवलंय, मायला काई झालं न्हाई. माझे डोळे भरून आले. लपवण्यात अर्थ नव्हता, ओट्यावर सगळ्यांचेच भरले होते.

तिला खाली ठेवून मी कोनाड्याशी वाकले आणि तिच्या आईला विचारलं, की नंबर तर बंद होता, मग आज लावून बघायचं सुचलं कसं?

"आज कुटं बाई, मी तर रोजच वाजवायले," पलीकडून थकलेला आवाज आला. "ती बाई रोज म्हनायली, ह्यो नंबरच न्हाई म्हनून. मी म्हनलं, आमच्या आत्याबाई हायत, मग नंबर कसा न्हाई?"