गिझर तापेपर्यंत

हबीब मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी बोलून घ्यायचे. बाथरूमच्या दारात उभे राहायचे, आणि समोर साहेब असो नाहीतर धुणंवाली, पुढे काय काय होणार ते सगळं सांगायचे. "देखिए, पहले बिजली बंद होगी. फिर टंकी खाली होगी, दो बाल्टी दे दीजिए. मटमैला पानी निकलेगा, घबराइएगा नहीं. खुरचने की आवाज़ आएगी, वो भी होती है. एक घंटा मेरा, पौन घंटा पानी का." एवढं झालं की चपला दाराबाहेर, जमिनीवर जुना पेपर, आणि मग काम.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनऊला इंदिरा नगरात राहत होतो. मी बँकेत अधिकारी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. शाळा चौथीपर्यंत. आई गेल्यावर मी त्यांना लखनऊला आणलं. आमच्या दोघांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हो." "ब्यांक?" "बरी चाललीय." त्यापुढे गाडी जात नसे. मुलाची पदवी, पद, सरकारी क्वार्टरपेक्षा मोठं घर, यांतल्या कशाबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत आणि मी त्याचीच वाट बघत होतो.

तिथलं पाणी जड. वर्षभरात गिझरच्या कॉइलवर क्षाराचा पांढरा थर चढतो, म्हणून दिवाळी झाली की सर्व्हिसिंग करून घ्यायची. पहिल्या वर्षी मिस्त्रींनी कॉइल बाहेर काढली तेव्हा आबा मागे येऊन उभे राहिले. "आमच्या बायलरच्या नळ्यांत ह्येच बसायचं. छिन्नीनं काढायचो आमी." मिस्त्रींना मराठी येत नव्हतं, आबांना हिंदी. मिस्त्रींनी थराची एक खपली आबांच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "कितना मोटा?" आबांनी बोटाचं पेर दाखवलं. "या अल्लाह!" मिस्त्री म्हणाले. झालं, दोघांची गट्टी जमली.

काम संपलं तरी मिस्त्री निघत नसत. टाकी भरायची, पाणी तापायचं, त्याची धार मनगटावर घेऊन बघायची, मगच सायकलला हात. सुमन, माझी बायको, एकदा म्हणाली, "भैया, आप जाइए, हम देख लेंगे." तर म्हणाले, "भाभी, ऐसे चला जाऊँ? ये तो निकाह पढ़वा के दुल्हन वहीं छोड़ आना हुआ." तो पाऊण तास ते आणि आबा व्हरांड्यात चहा पीत बसायचे. आबा हसताना आवाज करतात हे मला त्या पाऊण तासात कळलं.

दुसऱ्या वर्षी मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. बाहेर आबा सदऱ्याची बाही वर करून हातावरचा भाजल्याचा डाग मिस्त्रींना दाखवत, हातवारे करत मराठीतच सांगत होते. पाण्याची पातळी दाखवणारी काच फुटली, वाफ सुटली, जोडीदार समोरच अडकला. आबांनी ओलं पोतं हाताला गुंडाळलं आणि वाफेत हात घालून कॉक बंद केला. तो डाग मी जन्मापासून बघत आलो होतो. "कामावर भाजलं," एवढंच आम्हाला सांगितलेलं. मी जळलो. अगदी पोटातून जळलो. सुमन म्हणाली, "अहो, बसा की बाहेर त्यांच्यात." मी म्हटलं, "मला कामं आहेत." काम काहीही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दसऱ्यापासूनच आबांचं सुरू झालं, "मिस्त्री कवा येणार?" मी सांगितलं, "गावाला गेलेत. यंदा मीच करतो. फिजिक्स शिकलोय मी, त्यात काय आहे?" गावाला कुठले जातात! मी निरोपच दिला नव्हता.

रविवारी सकाळी पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली, कॉइल काढली, खरवडली, बसवली. छान बसली. मग आबांना हाक मारली. ते दारात आले. "बघा," म्हटलं, आणि बटण दाबलं. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. ते मात्र नळाकडे बघत होते.

"पानी सोडलंस का रं?"

सोडलं नव्हतं. आत काहीतरी तडकलं, जळका वास सुटला. आबा पुढे झाले, बटण बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "आग घालायच्या आदी पानी बघत्यात." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लखनऊच्याच महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथला बाजाराच्या मागे मिस्त्रींचं दुकान होतं. मान खाली घालून गेलो. ते लगेच आले. व्हरांड्यातच आबांनी शिकून ठेवलेल्या चार हिंदी शब्दांत विचारलं, "गाँव में सब ठीक?" मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जी बाबूजी, सब खैरियत. कल ही लौटा." मी त्यांचे आभार मानायला हवे होते. पण मला आणखीच राग आला. माझं खोटंसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा नीट बोलला!

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. दिवाळीनंतर मिस्त्री न बोलावता आले. बाथरूमच्या दारात उभे राहिले, पण या खेपेला पुढे काय काय होणार ते न सांगता सरळ कामाला लागले. टाकी भरल्यावर व्हरांड्यात येऊन बसले. सुमनने चहा दिला. पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर बसलो आणि इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं, "मिस्त्रीजी, आबा मेरे बारे में कुछ कहते थे?"

त्यांनी कप खाली ठेवला. एकदा माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस, आताही बोलेल असं मला वाटलं.

"नहीं साहब," ते म्हणाले. "बॉयलर की बातें करते थे. सच कहूँ, आधी बातें तो मेरी समझ में ही नहीं आती थीं. मराठी में बोलते थे न. मैं बस सामने बैठा रहता था."

मला त्यातला शब्द न् शब्द कळला असता.

"जो समझ में आया," मी म्हटलं, "वही बताइए."

मिस्त्री सांगू लागले. कारखान्याचा भोंगा, उसाच्या चिपाडांची आग, नळ्यांतला थर. माझ्या वडिलांची हकीकत मी एका परक्या माणसाच्या तोंडून, हिंदीत, अर्धीमुर्धी ऐकत होतो आणि तेव्हाही मला मिस्त्रींचा हेवाच वाटत होता.