थावराचे एकशे नव्वद ग्रॅम

डिझेल लिटरनं मोजणाऱ्याचा थावरा राठोडला मनापासून राग यायचा. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर चाळीस वर्षं इंजिनं खोलून बसवणारा हा मिस्त्री डिझेलचा कॅन सरळ काट्यावर ठेवायचा. "उन्हात डिझेल फुगतं, लिटर लबाड बोलतो. वजन फुगत न्हाई," हे त्याचं म्हणणं, आणि त्यावर कुणी वाद घातला की मिस्त्री दिवसभर घुश्शात. एका हॉर्सपॉवरला तासाला किती ग्रॅम डिझेल लागतं, एवढं कळलं की इंजिनाची तब्येत कळली. एकशे नव्वदच्या आत असलं तर ठणठणीत. वर गेलं तर पुन्हा खोला, मग रात्र होवो की पाहुणे येवोत.

पण गेली दोन वर्षं मिस्त्रीची वाईट गेली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, एका इंजिनाचा डिझेल फवारणारा नोझल वाकडा बसला आणि त्यानं अख्ख्या शिवारात काळा धूर ओकला. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, फक्त इंजिनं दुसरीकडं न्यायला लागले. कुणी शिव्या घातल्या असत्या तर थावराला बरं वाटलं असतं. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नजर आली. गेलेला भरवसा मात्र आला नाही. दुसऱ्यांचा तर नाहीच, त्याचा स्वतःचाही नाही.

त्याची बायको भिकाबाई तांड्यावरच्या बचत गटाची अध्यक्ष. हळद पॉलिश करायच्या ड्रमाचं गटाचं जुनं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन गंजत पडलं होतं. नवीन घ्यावं असं बायांचं चाललेलं. भिकाबाईनं हट्टानं ते घरी आणवलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं. अकरा दिवस थावरा त्याच्यात डोकं घालून बसला. बाराव्या दिवशी म्हणाला, "कळमनुरीहून साधनाताईला मोजायला बोलवा. एकशे नव्वदच्या वर गेलं ना, तर आपुन पाना पुन्हा हातात धरणार न्हाई."

"अवो, येवढं टोकाचं काहून बोलून राहिले?" भिकाबाई म्हणाली. पण मिस्त्रीनं एकदा शब्द टाकला की टाकला.

साधना कळमनुरीच्या एका प्रशिक्षण केंद्रात यंत्रांचा विषय शिकवायची. ती इंजिनाचा जोर मोजायचं यंत्र घेऊन विहिरीजवळच्या शेडमध्ये आली. गटाच्या बायाही जमल्या. थावरानं कॅन काट्यावर ठेवला, इंजिन तासभर भाराखाली चाललं, कॅन पुन्हा काट्यावर चढला. दीड किलो आणि वर दहा ग्रॅम डिझेल गेलं होतं. साधनानं यंत्रानं दाखवलेला जोर घेऊन मोबाइलवर भागाकार केला आणि हसून सांगितलं, "दोनशे छप्पन्न ग्रॅम, काका. चांगलं आहे की!"

दोनशे छप्पन्न! थावराचा चेहरा उतरला. सहासष्ट ग्रॅम जास्त. पोरगी भली, म्हाताऱ्याची समजूत घालून राहिली, असं त्याला वाटलं. त्यानं पाने एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि भिकाबाईच्या हातात दिले. "ठेव माळ्यावर. हात गेला आपला."

भिकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थावरा मान खाली घालून हात धुवायला विहिरीवर गेला. तिथं पाण्याची मोटर होती, आणि मोटरीला पत्र्याची बारीक पट्टी. त्यावर ओळखीचा आकडा: पाच एचपी. आणि शेजारीच, डोळे गेल्यापासून कधी दिसला नव्हता आणि डोळे असताना कधी बघायची गरज पडली नव्हती, असा दुसरा: ३.७ किलोवॅट.

मोटर एक आणि आकडे दोन? थावरा ओल्या हातानं तसाच उभा राहिला.

"साधनाताई!" तो तिथूनच ओरडला. "तुमचं यंत्र जोर कशात मोजतं वो?"

"किलोवॅटमध्ये, काका. का?"

"आरं तिच्या मारी!" मिस्त्रीनं धोतर सावरलं आणि तिथंच मातीत बोटानं आकडेमोड मांडली. किलोवॅट मोठा, हॉर्सपॉवर धाकटा. मोठ्याला डिझेल जास्त लागणारच. तीन पूर्णांक सात किलोवॅट म्हणजे पाच हॉर्सपॉवर. दोनशे छप्पन्न गुणिले तीन पूर्णांक सात, नऊशे सत्तेचाळीस. तेवढंच डिझेल पाच हॉर्सपॉवरला वाटलं, तर एकाच्या वाट्याला एकशे एकोणनव्वद आणि वर थोडं.

साधनानं मोबाइलवर ताडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, काका. नुसता आकडा सांगितला, कशाचा ते सांगायला हवं होतं. तुमचं इंजिन आतच आहे!"

बायांनी एकच गलका केला. भिकाबाई तर रडता रडता हसत होती. इतका आनंद थावराला ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हाही झाला नव्हता. मग त्यानं डोळे पुसले, भिकाबाईच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, पाना काढला आणि सरळ इंजिनाजवळ जाऊन नोझल सैल करायला बसला.

"अवो, आता काहून खोलता?" भिकाबाई किंचाळली. "पास झालंय न्हवं ते!"

"काठावर झालंय," थावरा मान वर न करता म्हणाला. "तुमी चहा ठिवा. अजून पाच ग्रॅम खाली आणतो."