आराखड्यातले मच्छीमार

नगरपरिषदेत कारकून असताना हवामान कृती आराखड्याचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. वरून पत्र आलं, सोबत नमुना, तोही कुठल्याशा समुद्रकाठच्या जिल्ह्याचा. आमच्या गावाहून नांदुऱ्याला जाऊन गाडी धरली तरी समुद्र दिसायला रात्र जाते. पण कचेरीची रीत ठरलेली: दुसऱ्याचा कागद घ्यायचा, गावाचं नाव बदलायचं, सही घ्यायची.

त्याच आठवड्यात रस्ते झाडणारी एक बाई टेबलाशी आली. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. आदल्या मे महिन्यात तिची जोडीदारीण दुपारच्या पाळीत बसस्टँडसमोर कोसळली होती. वाचली, पण पुन्हा कामावर आली नाही. बाईचं म्हणणं एवढंच, की उन्हाळ्यात दुपारचं झाडणं बंद करून ते पहाटे लावा. मला पटलं. नमुन्यात मच्छीमारांनी वादळात समुद्रात जाऊ नये, अशी सूचना होती. ती खोडून मी तिथे बाईची मागणी लिहिली आणि आराखड्यात घातलं म्हणून तिला सांगूनही टाकलं. उगाच मोठेपणा!

सभेत चहा यायच्या आत आराखडा मंजूर झाला. बाईने विचारलं, झालं का? मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडायला एकही बाई आली नाही. मुकादमाने सगळ्यांचा खाडा मांडला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती. मुकादमाला दाखवायला तेवढी ओळ उतरवून द्या, म्हणाली.

मी ऐटीत फाइल उघडली. खाडाखोड केलेला कागद माझ्या खणातच राहिला होता आणि संगणकातून जुनाच छापून गेला होता. सहीआधी मी फक्त गावाचं नाव तपासलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मच्छीमारांची ओळ वाचून दाखवली. दुरुस्तीला पुढची सभा लागेल आणि ती पावसाळ्यात, हेही सांगितलं.



"म्हंजे मासेवाल्याईले सुट्टी," ती म्हणाली, "अन आमाले खाडा."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती बसस्टँडसमोर झाडत होती. मी पंख्याखाली बसून दुरुस्तीचा मसुदा लिहिला. या वेळी प्रत्येक ओळ वाचली.