सत्तरीनंतरचं दळण

सत्तरीची शांत झाली आणि त्याच आठवड्यात माझं दळण काढून घेतलं गेलं. तीस-पस्तीस वर्षं दर पंधरवड्याला दहा किलो गव्हाचा कडीचा डबा मी गिरणीत नेला. जाताना उजव्या हातात, येताना डाव्या, वर दोन जिने. मुलगा म्हणाला, बाबा, आता आराम करा, लोक काय म्हणतील. लोकांना माझ्या डब्याशी काय देणंघेणं, देव जाणे. पीठ घरपोच येऊ लागलं, भाजी दारात, दूध दारात आणि मी खुर्चीत. याला आमच्याकडे मान देणं म्हणतात.

वर्षभर मी तो मान मुकाट्याने घेतला, याचाच मला जास्त राग येतो.

मुलगा-सून सकाळीच खराडीला ऑफिसला जातात. दिवसभर घरात मी आणि ही. श्रावणात एका दुपारी ही न्हाणीघरात घसरली. मोडलं काही नाही, पण उठता येईना. मी काखेत हात घालून जोर लावला, तर माझेच गुडघे लटपटले. दोनदा. शेवटी खालून वॉचमनला बोलावलं. तो येईपर्यंत ही ओल्या फरशीवर अंगाशी टॉवेल धरून बसलेली. परक्या माणसाने उचललं म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं काय चुकलं?

मग मुलाने मला व्यायामाच्या क्लासला घातलं. तिथल्या बाईंनी पुढ्यात कडीचा लोखंडी गोळा ठेवला. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, उचला आणि वीस पावलं चाला. रोजच्या कामाला लागणारी ताकद म्हणे यानेच वाढते. म्हणजे आधी रोजचं काम काढून घ्यायचं आणि मग त्याचीच शिकवणी लावायची. गोळा किती किलोचा, मी विचारलं. पाच, त्या कौतुकाने म्हणाल्या.

रविवारी मी ओट्याखालून डबा काढला. वाण्याकडून पाचच किलो गहू घेतले, कारण दहा झेपणार नाहीत हे कळत होतं, आणि गिरणीकडे निघालो. वाटेत दोनदा डबा खाली टेकवावा लागला. दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा मुलगा मागून गाडी घेऊन आला, उतरला आणि त्याने कडीला हात घातला.

"हात काढ," मी म्हणालो. "पुढच्या वेळी तुझ्या आईला मी उचलणार आहे. वॉचमन नाही."

त्याने हात काढला.