पंपातल्या दोन पाकळ्या

धक्क्यावर त्याला सगळे करवादे मिस्त्री म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. पण चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनांवर आणि त्यांच्या मालकांवर करवादण्यात घालवल्यावर खरं आडनाव कुणाच्या लक्षात राहणार? राग कायम नाकाच्या शेंड्यावर. इंजिनावरची फळी उचलायच्या आधीच तोंड सुरू. तेल कधी बदललं? बदललं म्हणजे खरंच बदललं, की वरून ओतलं? बेल्ट सैल झालाय हे दिसत नाही, डोळे काय शोभेला आहेत? माणसं मुकाट ऐकून घेत, कारण नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखणारा दुसरा कुणी धक्क्यावर नव्हता. हे त्यालाही पुरतं ठाऊक होतं, तीच तर पंचाईत.

सगळ्यात जास्त बोलणी खायची ती त्याची सख्खी थोरली बहीण. ताई स्वतः बोट चालवायची. पलीकडच्या काठावर इस्पितळ होतं, तिथल्या नर्सबायांना न्यायचं आणि आणायचं ही तिची ठरलेली फेरी. घर चालायचं ते तेवढ्यावरच. बंदर कचेरीचा नियम असा की फेरी चुकली की मिस्त्रीने चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि खाली चालकाने सही करायची. चालकाच्या हलगर्जीपणाच्या तीन चिठ्ठ्या एका वर्षात निघाल्या की फेरी जाते दुसऱ्या बोटीला. दुरुस्तीतच खोट निघाली तर चालकाला काही नाही, मिस्त्रीचा परवाना सहा महिने बंद. ताईच्या नावावर दोन चिठ्ठ्या लागून झाल्या होत्या. दोन्ही भावाच्या हातच्या.

आणि आज दुपारची फेरी चुकली. बोट धक्क्यापासून थोडी लांब जाते न जाते तोच तापमानाचा काटा लालवर गेला. ताईने वेग कमी केला, काटा उतरला. वाढवला, पुन्हा चढला. शेवटी तिने बोट वळवून परत आणली. नर्सबाया कुरकुरत दुसऱ्या बोटीने गेल्या.

मिस्त्री बोटीवर चढला तो बोलतच. म्हणाला, जाळी धुतली नसणार, दुसरं काय. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, ते आधी एका जाळीतून येतं. त्या जाळीत कचरा अडकला की इंजिन तापलंच समजा, आणि ताईच्या जाळीत कचरा असतोच, हे त्याने मनाशी कधीचं ठरवून टाकलं होतं. झाकण फिरवलं, जाळी बाहेर काढली. जाळी लख्ख होती. गवताची काडीसुद्धा नाही. तो आणखीच वैतागला. एखाद्याला भांडायला जावं आणि दाराला कुलूप असावं, तसं झालं त्याचं.

मग ताईला इंजिन सुरू करायला लावून तो बोटीच्या मागे ओणवा झाला. मागच्या नळातून पाणी पडत होतं, पण बारीक. म्हणजे आत कुठेतरी अडतंय. पंप उघडला. त्यातली रबरी चक्री दोन महिन्यांपूर्वीच त्याने नवी बसवलेली, सहाच्या सहा पाकळ्या धडधाकट. नळ्या दाबून पाहिल्या, ठीक. इंजिन तापलं की उघडून पाणी सोडणारा थर्मोस्टॅट काढून चहाच्या टपरीवर नेला, उकळत्या पाण्यात बुडवला, तर तोही शहाण्यासारखा उघडला. टपरीवाल्याने भांडं खराब केलं म्हणून चार शब्द सुनावले, मिस्त्रीने आठ परत केले. एवढं सगळं होईतो दोन तास गेले आणि शर्ट पाठीला चिकटला.

राहिला कूलर. त्यात तांब्याच्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो, त्यातून बाहेरचं पाणी फिरतं. गंजलेले बोल्ट एकेक शिव्या देत सोडवले आणि टोपण काढलं. नळ्यांच्या तोंडांवर रबराच्या दोन काळ्या पाकळ्या चपट्या होऊन बसल्या होत्या.

मिस्त्रीने नखाने त्या सोडवून तळहातावर घेतल्या.

दोन महिन्यांपूर्वी, पहिल्या खेपेला, जाळीत प्लास्टिकची पिशवी अडकली होती. पंप कोरडा फिरला आणि चक्रीच्या चिंधड्या झाल्या. ती चूक ताईचीच, त्यात वाद नाही. पण फुटलेली चक्री निघाली की ती फडक्यावर ठेवायची, सहा पाकळ्या जुळवायच्या, जी कमी पडेल ती पाण्याबरोबर पुढे गेली असं धरून सापडेपर्यंत शोधायची, हा नियम धक्क्यावर शिकवला कुणी? यानेच. या नियमावरून त्याने भल्याभल्यांची अब्रू काढली होती. आणि त्या दिवशी तीच चक्री हातात धरून, ताईच्या नाकासमोर नाचवत, अर्धा तास पिशवीवर व्याख्यान झोडलं आणि रागारागाने ती कचऱ्याच्या पिंपात भिरकावली. पाकळ्या चार होत्या की सहा, पाहिलं कुणी? दुसऱ्यांदा काटा चढला तेव्हा जाळीत गवताच्या दोन काड्या दिसल्या. तेवढ्यावर त्याने चिठ्ठी लिहून टाकली होती.

त्याने पाकळ्यांवर मूठ मिटली. मूठ पाण्यावर उघडली असती तर कुणाला कळलं असतं?

"काय निघालं?" ताईने विचारलं.

"माझं पाप निघालं," तो म्हणाला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. मग सगळं सांगितलं, काही न गाळता. ताईने एकेक पाकळी उचलून उजेडात धरून पाहिली आणि परत त्याच्या तळहातावर ठेवली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिचं ते शांतपणे पाहणं त्याला सोसेना. झालं, पुन्हा तिच्यावरच उखडला.

"दुसऱ्या वेळेला जाळीत दोनच काड्या होत्या ना? मग त्या चिठ्ठीवर सही कशाला केलीस? भांडायचं होतंस माझ्याशी."

"तू लिहिलं होतंस ना," ताई म्हणाली. "म्हटलं, इंजिनातलं तुला कळतं, माझंच काहीतरी चुकत असेल. तेव्हापासून रोज तीन-तीनदा धुते जाळी."

तिच्या बोटांवर तारेचे ओरखडे होते. त्याला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. टोपण बसवताना त्याच्याकडून एक बोल्ट दोनदा पडला, आणि त्याने बोल्टलासुद्धा शिवी दिली नाही.

बंदर कचेरीतला कारकून जुना, भला माणूस. चिठ्ठी वाचून त्याने सुचवलं की रबराचा माल हलका निघाला असं लिहू, म्हणजे तुम्हालाही नको आणि ताईंनाही नको. मिस्त्री त्याच्यावर खेकसला, की माल चांगला होता, मिस्त्री हलका निघाला, तसंच राहू द्या. शिवाय दुसरी चिठ्ठीही काढा, तीही खोटी आहे, नवी लिहून देतो. कारकून म्हणाला, अहो, सहा आणि सहा, वर्षभर प्रवासी बोटीला हात लावता येणार नाही तुम्हाला. मिस्त्री म्हणाला, बेरीज येते मला.

चालकाच्या सहीसाठी ताईला बोलावलं. कारकुनाने सहीच्या जागी बोट ठेवलं. आधीच्या दोन्ही वेळी भावाने लिहिलंय म्हटल्यावर तिने कागदाकडे बघितलंही नव्हतं, सही करून मोकळी झाली होती. आज तिने दोन्ही चिठ्ठ्या पुढे ओढल्या, चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वरपासून वाचायला लागली. भाऊ शेजारीच उभा होता. एका शब्दापाशी ती अडली. मान वर करून तिने कारकुनाला विचारलं, हे काय लिहिलंय. त्याने सांगितलं. मग तिने सही केली.