क्रुसाच्या पायांवरचा रंग

गुड फ्रायडेच्या उपासनेत फादरांनी एक प्रार्थना जास्तीची घेतली. "आपल्या तालुक्यातल्या त्या खुनासाठी ज्याला फाशीची शिक्षा झाली आहे, त्याचा जीव वाचावा. जन्मभर तुरुंगात का होईना, त्याला पश्चात्तापाला वेळ मिळावा, म्हणून मागू या." अशा प्रत्येक मागणीनंतर आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." या वेळी कोणी म्हणालंच नाही. पंखे तेवढे घरघरत राहिले.

मग क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग लागली. माझ्या पुढे रोझीमावशी होती. ती मागे वळून कुजबुजली, "जन्मठेप म्हणजे काय गं, फुकटचं जेवण! चौकात लटकवायला हवा मेल्याला, सगळ्यांसमोर." मग पदर सावरून ती वाकली आणि लाकडी येशूच्या पायांवर तिने इतक्या मायेने ओठ टेकले की, एरवी मला भरून आलं असतं.

त्या येशूलाही रीतसर शिक्षाच झाली होती. निकाल देणारा अधिकारी होता, 'क्रुसावर चढवा, चढवा' म्हणून ओरडणारे लोक होते, आणि सणाच्या आत सगळं उरकायची घाई होती. ते लोकही आपापल्या घरी मायाळूच असतील.

क्रूस धरून उभ्या असलेल्या माणसाने मावशीच्या ओठांची जागा रुमालाने पुसली. माझी पाळी आली. इतक्या वर्षांच्या चुंबनांनी त्या पायांच्या बोटांवरचा रंग पार उडाला आहे. खिळ्याला मात्र काहीही झालेलं नाही.