एकाच पंपात दोन औषधं

धाकट्या भावाचा त्या दिवशी मला इतका राग आला, की काउंटरवरचा वजनकाटा उचलून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

मानवतला आमचं फवारणीच्या औषधांचं दुकान. यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाल्यापासून ते मीच बघते. सकाळी यांची शिवपूजा, मग कॅन्सरची रोजची एकच गोळी, की आम्ही दोघं दुकानात. अन् भाऊ पुण्यात करतो काय, तर कॅन्सरवर कोणती दोन औषधं मिळून चालतील ते कॉम्प्युटरवर शोधतो! भेटायला आला तोही लॅपटॉप घेऊनच. पडद्यावर नुसतं ठिपक्या-रेघांचं जाळं.

"अक्का, देवगाव फाट्यावर रस्ता अडवला तर ट्रकवाले घरी जातात का? आडवाटेनं काढतात. गाठ तसंच करती. गोळीनं एक रस्ता बंद केला की दुसऱ्यानं वाढती. ह्या जाळ्यात पेशीतले सगळे रस्ते हायत. कोणती दोन औषधं मिळून ते बंद करतील, ते यातून निघतं."

"यांच्या गाठीसाठी निघालं का?"

तो चाचरला. "तशा गाठीसाठी एक जोडी निघालीय. पण..."

"नावं सांग."

"न्हाई अक्का. नुसतं कॉम्प्युटरवर हाय ते. माणसाला अजून कुणीच दिलं न्हाई."

मग माझं तोंड सुटलं. "मुडद्या, तुझे दाजी डोळ्यादेखत झिजायलेत अन् तू मला जाळी दाखवायलास?" हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

तेवढ्यात एक शेतकरी आला. मावा किडीचं अन् बुरशीचं, दोन्ही नवी औषधं एकाच पंपात घालून सगळ्या कापसावर आजच मारतो म्हणाला.

"अजिबात न्हाई!" मी त्याच्यावरच खेकसले. "आधी दोन ओळींवर मारून बघा. पानं करपली तर माझ्या नावानं बोंबलत येताल."

भाऊ माझ्याकडं बघत होता.

"बघू नको माझ्याकडं! कापूस जळला तर पुढच्या साली पेरता येतो. माणूस पेरता येतो का?"

"म्हणूनच, अक्का."

शेतकरी एकच बाटली घेऊन गेला. यांनी भावाला चहा सांगितला. मी पाठ फिरवून मांडणीवरचे डबे उगाच पुसत राहिले, रडताना त्याला दिसू नये म्हणून.

त्याच्याशी मी अजून धड बोलत नाही. तो चुकला असता तर कधीच माफ केलं असतं.